भूगोल घेऊन पोरगी करणार काय?

पत्र :

बाई, नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावची. यंदा मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी, पास झाले. सायन्स नको, हे माझं ठरलंय. आर्ट्सला जाऊन भूगोल घ्यायचाय. शाळेत तोच एक विषय असा होता की परीक्षा नसली तरी मी पुस्तक उघडायची. पण पप्पा म्हणतात, ‘भूगोल घेऊन काय तलाठी होणार काय? कॉमर्स घे, निदान बँकेत तरी चिकटशील.’ दुसरी अडचण भाषेची. इथल्या कॉलेजात पीयुसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, दोनच माध्यमं आहेत, कन्नड आणि इंग्रजी. मामा महाराष्ट्रात चंदगडला असतात, ते म्हणतात इकडे ये, अकरावी-बारावी मराठीतून कर. आणि माझं गणित कच्चं आहे. भूगोलाच्या प्रॅक्टिकलला गणितं असतात, असं पुढच्या वर्गातली एक ताई म्हणाली. तर भूगोल घेऊ की नको? घेतला तर अभ्यास कसा करू?

— एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर :

चि. मुली,

पप्पांपासूनच सुरुवात करू, कारण फॉर्मवर सही त्यांचीच लागणार. तलाठी हा त्यांनी टोमणा मारलाय. पण तलाठ्याची भरती निघाली की तुमच्या गावातून किती पोरं अर्ज टाकतात, हे त्यांनाच एकदा विचार. कर्नाटकात त्या पदाला आता ग्राम प्रशासन अधिकारी म्हणतात. भरतीला पीयुसी पास लागते आणि कन्नडची परीक्षाही असते. तेव्हा तलाठी झालीस तर काही बिघडत नाही, उलट पेढे वाटावे लागतील. राहता राहिली बँक. क्लार्क आणि पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर, या परीक्षांना कुठल्याही शाखेची पदवी चालते. कॉमर्सवाल्यांनाच आत घेतात ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. हे सगळं पप्पांशी वाद घालून सांगू नकोस. रात्री जेवणं झाली की निवांत विषय काढ.

मात्र त्यांची काळजी अगदीच फुकटची नाही. नुसतं भूगोलात बीए करून घरी बसलीस तर तुला शोधत कुणी येणार नाही. भूगोलाची खरी किंमत पुढच्या पायरीवर कळते. बीएड करून शिक्षिका होता येतं. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात भूगोलात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. यूपीएससीला भूगोल हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा असतो, आणि सामान्य अध्ययनाच्या पेपरातही भूगोल येतोच. आणि सध्या ज्याला खरोखर मागणी आहे ते जीआयएस, म्हणजे रस्ते, पाणी, जमीन, वस्ती यांचे नकाशे संगणकावर थरावर थर ठेवून वाचायचं तंत्र. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावोगावच्या गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली. असल्या कामाला नकाशा कळणारं माणूस लागतं. क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. डेहराडूनची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते, त्यातले बरेचसे मोफत आहेत. पीयुसीनंतरच्या सुट्टीत त्यात डोकं घाल, आत्ता घाई नको.

आणखी एक गोष्ट आत्ताच ऐकून ठेव. आर्ट्सला गणित सोडलंस की काही दारं बंद होतात. नगररचनेची बी.प्लॅन ही पदवी बारावीला गणित असल्याशिवाय मिळत नाही. भूगर्भशास्त्राची बीएस्सी सायन्सवाल्यांची. उद्या ‘मला शहरं आखायचीत’ असं वाटलं तर ‘बाईंनी सांगितलं नव्हतं’ म्हणू नकोस.

आता मामांकडे वळू. चंदगडला जाऊन मराठीतून बारावी करणं हा वाईट पर्याय नाही. आपल्या सीमाभागातली कितीतरी मुलं तसं करतात. महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या ८६५ सीमाभागातल्या गावांच्या यादीत तुमचं गाव असेल तर महाराष्ट्रात शिक्षणाला आणि नोकरीला काही सवलतीही आहेत. यादी ग्रामपंचायतीत नाही तर महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कुणा जुन्या माणसाकडे बघायला मिळेल. पण तुझी अडचण फक्त माध्यमाची असेल, तर त्यासाठी सोळाव्या वर्षी घर सोडून जावं असं मला वाटत नाही. मराठीतून बारावी केलीस तर इंग्रजीची भिंत टळत नाही, दोन वर्षं पुढे सरकते. एमएला, जीआयएसला, यूपीएससीच्या पुस्तकांना ती आडवी येणारच. आज ओलांडलीस तर स्वस्तात ओलांडशील. शिवाय कन्नड तू शाळेत शिकलीच आहेस. इथली सरकारी कामं, गावनकाशे, जमिनीचे उतारे कन्नडमध्ये असतात. भूगोलवालीला ते वाचता येणं ही कमाई आहे. त्यात कुणाच्या अस्मितेला धक्का बसत नाही.

म्हणून माझं मत असं : इथेच राहा आणि इंग्रजी माध्यम घे. भाषा विषयात मराठी मिळत असेल तर ती घे, पीयुसीला मराठी भाषा घेता येते. पहिले तीन महिने तुला काही कळणार नाही. वर्गात मान खाली घालून बसशील आणि शेजारची कॉन्व्हेंटची मुलगी फाडफाड उत्तरं देईल. ते होऊ दे. तोवर रोज रात्री एक कर. महाराष्ट्राची अकरावी-बारावीची भूगोलाची मराठी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. उद्या वर्गात जो धडा आहे, त्याच विषयाचं मराठीतलं प्रकरण आज वाच. सकाळी कॉलेजातल्या बाई इंग्रजीत शिकवतील तेव्हा कल्पना तुझ्या ओळखीची असेल, अडतील ते फक्त शब्द. त्या शब्दांची एक वही घाल, तीन रकाने करून : मराठी, इंग्रजी, कन्नड. दिवाळीपर्यंत ती वही उघडायची गरज कमी होत जाईल.

आता गणित. ताईने तुला अर्धवट घाबरवलंय. कर्नाटकात पीयुसीच्या भूगोलाला लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३० गुणांचं असतं. ते ३० गुण मराठी माध्यमातल्या मुलीला सगळ्यात हक्काचे, कारण तिथे रेघ बोलते, व्याकरण नाही. आणि गणित किती, ते इथेच करून बघू.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटचं, म्हणजे डोंगर, ओढे, रस्ते, गावं दाखवणाऱ्या सविस्तर नकाशाचं, प्रमाण १:५०,००० असतं, म्हणजे कागदावर २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. नकाशावर तुझ्या घरापासून डोंगरावरच्या देवळापर्यंत पट्टीने ३ सेंटीमीटर भरले, तर अंतर दीड किलोमीटर. मधल्या तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मोज. दर रेषेला २० मीटर चढ धरतात. सहा रेषा ओलांडल्या तर १२० मीटर. आता १५०० भागिले १२०, उत्तर साडेबारा. म्हणजे साडेबारा मीटर चाललीस की एक मीटर वर चढतेस. उतार १ : १२.५. झालं. यात सातवीच्या पलीकडचं गणित कुठे आहे?

दुसरं एक बघ. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची. खानापूर आणि बेळगाव साधारण ७४.५ अंशांवर. फरक ८ अंशांचा, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३२ मिनिटं. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. खात्री करायची असेल तर ३ मेच्या आगेमागे भर दुपारी अंगणात सरळ काठी रोवून बघ. आपण १५.६ अंश उत्तरेला राहतो, त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर तसं पुन्हा होतं, पण ऑगस्टात खानापूरला सूर्य दिसला तर ना!

प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वीची अक्षांश-रेखांशांची जाळी सपाट कागदावर, काढताना मात्र हात बसावा लागतो. पेन्सिलला टोक, कंपासचा स्क्रू घट्ट, आणि घाई अजिबात नको. प्रॅक्टिकलची वही, म्हणजे रेकॉर्ड, शेवटच्या महिन्यात मैत्रिणीचं बघून उतरवायची पद्धत सगळीकडे आहे, आणि तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांना ते पहिल्या प्रश्नात कळतं. ते विचारणार, ‘ही रेघ काळी का आणि ती निळी का?’ उत्तर सोपं आहे : टोपोशीटवर बारमाही पाणी निळं दाखवतात, कोरडे पडणारे ओढे काळे. उतरवणारी मुलगी इथे अडते. जिने स्वतःच्या गावचा ओढा नकाशावर शोधलाय ती अडत नाही.

तेव्हा अभ्यास कसा करू, याचं माझं उत्तर एवढंच : गावच्या टोपोशीटपासून कर. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून ती पीडीएफमध्ये मोफत उतरवून घेता येते. जुन्या क्रमांकाने बेळगाव आणि खानापूर ४८ आय या चौकटीत येतात. निपाणी, चिकोडी मात्र ४७ एल मध्ये, कारण १६ अंश उत्तर अक्षवृत्त आपल्याच जिल्ह्यातून, बेळगावच्या उत्तरेला पंधरा-वीस किलोमीटरवरून जातं आणि तिथे चौकट बदलते. झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या कागदावर छापून घे आणि भिंतीला लाव. पप्पांनाही दाखव. शेतकरी माणूस नकाशापुढे पाच मिनिटं उभा राहिला की स्वतःच बोट ठेवून सांगायला लागतो, इथे आपली विहीर, इथून पाणी उतरतं.

आपल्या जिल्ह्याएवढा सोयीचा जिल्हा भूगोल शिकायला फार थोड्यांना मिळतो, हे मी उगीच कौतुकाने म्हणत नाही. पहिल्या वर्षाला प्राकृतिक भूगोल जास्त असतो. त्यात पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगराआड कमी पाऊस पडणारा भाग, हा प्रश्न ठरलेला. पुस्तकात सह्याद्रीची आकृती असते, बाण असतात, मुलं ती पाठ करतात. तू कणकुंबीहून अथणीला जा. सरळ रेषेत दीडशेएक किलोमीटर. कणकुंबीकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, अथणीकडे पाचशे-सहाशेच्या आसपास. बसच्या खिडकीतून फक्त छपरं बघत राहा. कणकुंबी, जांबोटीकडे कौलं आणि छपराला चांगला उतार, भिंती भिजू नयेत म्हणून पुढे आलेल्या वळचणी. पूर्वेला सरकशील तसा उतार कमी होत जातो, आणि अथणीच्या जुन्या घरांवर सपाट माळवद दिसायला लागतं, ज्यावर धान्य वाळत घालता येतं. मातीही तशीच बदलते. तुमच्याकडे जांभा आणि तांबडी माती, भात, काजू. बेळगाव ओलांडून सौंदत्तीच्या अंगाला गेलीस की काळी रानं आणि जोंधळा. अथणी, रायबागला पाऊस नसूनही ऊस हिरवागार दिसतो. तो पावसावर नाही, कृष्णेच्या पाण्यावर. एवढं एकदा डोळ्यांनी बघितलंस की आकृतीतले बाण पाठ करावे लागत नाहीत. आणि बसच्या भाड्याची सबब सांगू नकोस. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकामुलींना राज्यात साध्या बसचा प्रवास फुकट आहे. आधार कार्ड बरोबर ठेव आणि सोबत आईला ने. त्या निमित्ताने तिचंही फिरणं होईल.

जलविभाजक हे प्रकरण तर तुझ्या तालुक्यात घराबाहेरच मांडून ठेवलंय. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, खानापूर गावाला वळसा घालते, सौंदत्तीला नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. त्याच तालुक्यात देगावजवळ म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला उतरून गोव्यातून अरबी समुद्राला जाते. एका डोंगररांगेच्या या बाजूला पडलेला थेंब आणि त्या बाजूला पडलेला थेंब दोन वेगळ्या समुद्रांना जातात. यावरूनच तर म्हादईच्या कळसा आणि भांडुरा या ओढ्यांचा सगळा वाद आहे : पश्चिमेला जाणारं पाणी पूर्वेला मलप्रभेत वळवायचं. लवाद २०१० मध्ये नेमला, निकाल ऑगस्ट २०१८ मध्ये आला, कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी आलं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर, हा आकडा लक्षात ठेव, कारण वर्तमानपत्रवालेही तो सांगत नाहीत. मोर्चात कुणाच्या बाजूने घोषणा द्यायच्या ते नंतर ठरव. आधी टोपोशीटवर ती डोंगररांग पेन्सिलने आखून बघ.

खडकांचंही तसंच. गोकाकचा धबधबा सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्या झुलत्या पुलावर फोटोही काढलेला असतो. पण घटप्रभा तिथेच ५२ मीटर खाली का उडी घेते? तिथला वालुकाश्म आणि क्वार्टझाइट कठीण आहे, सहज झिजत नाही, म्हणून कडा टिकून राहिला. तुमच्याकडचा जांभा याच्या उलट कथा सांगतो. भरपूर पाऊस आणि ऊन, त्यात खडकातली सिलिका वाहून जाते आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरतात. ॲल्युमिनियमचं प्रमाण वाढलं की बॉक्साइट. मामांच्या चंदगडकडे आणि राधानगरीकडे त्याच्या खाणी आहेत, आणि बेळगावात ॲल्युमिनाचा कारखाना उभा राहिला तो या कच्च्या मालाच्या जवळिकीमुळे. उद्योगांचं स्थान ठरवणारे घटक हा दुसऱ्या वर्षाचा प्रश्न. उत्तरात जमशेदपूर लिहायचं ते लिहीच, कारण तपासणाऱ्याला तेच हवं असतं, पण शेवटी एक ओळ बेळगावची टाक. फार नको, एकच. उत्तरपत्रिकेत गावाचं कौतुक पानभर झालं तर गुण मिळत नाहीत.

मानवी भूगोलाबद्दल फार लिहीत नाही, तो तुला आवडेल. एवढंच सांगते, की निपाणीचा तंबाखू, खानापूरची कौलं आणि विटा, शहापूर-वडगावचे माग, २०१९ ला कृष्णा आणि दूधगंगेच्या पुरात चिकोडीकडची गावं पाण्यात गेली ते, हे सगळं अभ्यासक्रमातल्या कुठल्या ना कुठल्या प्रकरणात बसतं. कुठे बसतं ते तू शोध. पाठांतराची जागाही आहे, नाही असं नाही. भारताच्या कोऱ्या नकाशात नद्या, बंदरं, खाणी भरायचा सराव रोज दहा मिनिटं करावाच लागतो. कोऱ्या नकाशांचा गठ्ठा बेळगावच्या गणपत गल्लीत स्वस्तात मिळतो. गाइडं मात्र विकत आणू नकोस. एकच चुकीचा आकडा वर्षानुवर्षं तसाच छापलेली गाइडं मी पाहिली आहेत. पाठ्यपुस्तक आणि मागच्या प्रश्नपत्रिका पुरतात, आणि इंग्रजीला हात बसायला एनसीईआरटीची पुस्तकं, तीही फुकट उतरवता येतात.

आता शेवटचं, आणि हे प्रवेशाआधीच कर. आर्ट्सला आपल्याकडे एचईपीएस, म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र, हाच गट सगळीकडे चालतो. भूगोल असलेला गट प्रत्येक कॉलेजात नसतो. माहितीपत्रकात असला तरी पुरेशी मुलं आली नाहीत तर ऐनवेळी ‘समाजशास्त्र घे’ म्हणतात. तेव्हा पप्पांना घेऊन कॉलेजात जा आणि क्लार्कशी नाही, थेट प्राचार्यांशी बोल. भूगोलाला कायम शिक्षक आहेत की गेस्ट, मागच्या वर्षी वर्गात किती मुलं होती, आणि प्रॅक्टिकलची खोली कुठे आहे, हे तिन्ही विचार. खोली दाखवा म्हण. टेबलावर टोपोशीटा, कंपास, एखादा पर्जन्यमापक दिसला तर फॉर्म भर. कपाटाला कुलूप असेल आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नसेल, तर बेळगावात दुसरं कॉलेज बघ. रोजचा बसचा तास-दीड तास जाईल, पण बंद कपाटाच्या कॉलेजात दोन वर्षं काढण्यापेक्षा तो बरा.

— बाई